तो व्हिडिओ गेम नेमका कोणाचा होता?

आज पस्तिशी-चाळिशीत असलेली चार माणसं एकत्र बसली आणि गप्पा लहानपणच्या व्हिडिओ गेमवर गेल्या, की एक प्रश्न हमखास निघतो : तो होता तरी कोणत्या कंपनीचा? मारिओ सगळ्यांना आठवतो. कॉन्ट्रामधले निळ्या आणि लाल पँटचे दोन शिपाई आठवतात. टँकच्या खेळात विटांच्या आड ठेवलेला तो पक्षी आठवतो. पण यंत्राचं नाव विचारलं, की एक जण ‘सामुराई’ म्हणतो, दुसरा ‘लिटल मास्टर’ म्हणतो, तिसरा ‘मीडिया’, आणि चौथ्याच्या खोक्यावर नावच नव्हतं. तरीही एकाची कॅसेट दुसऱ्याच्या यंत्रात सहज चालायची. कंपन्या वेगळ्या होत्या, तर खेळ तेच कसे?

उत्तर एका वाक्यात सांगता येतं. ही सगळी यंत्रं एकाच जपानी यंत्राच्या नकला होत्या. मूळ यंत्राचं नाव ‘फॅमिली कॉम्प्युटर’, थोडक्यात ‘फॅमिकॉम’. ते निन्टेन्डो या कंपनीनं १५ जुलै १९८३ रोजी जपानात विक्रीला आणलं. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा इथल्या मुलांनी या यंत्रावर सुट्ट्या घालवल्या, पण त्यातल्या बहुतेकांनी फॅमिकॉम हे नावसुद्धा ऐकलं नव्हतं. एका वाक्यातलं हे उत्तर उलगडायला मात्र हे प्रकरण लागेल. कारण नक्कल का जमली हे समजायला आधी मूळ यंत्र कसं चालायचं ते समजून घ्यावं लागतं.

१. क्योटोची पत्त्यांची कंपनी

निन्टेन्डो १८८९ मध्ये जपानमधल्या क्योटो शहरात सुरू झाली, ती पत्ते तयार करण्यासाठी. ‘हानाफुदा’ नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते हा तिचा पहिला धंदा. पुढे खेळणी आली, मग विजेवर चालणारे खेळ आले. १९८० नंतर कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांना घरच्या टीव्हीला जोडता येईल आणि मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडेल असं यंत्र हवं होतं. ते काम त्यांनी मासायुकी उएमुरा या अभियंत्यावर सोपवलं.

उएमुरांसमोरची अट किमतीची होती. चांगलं यंत्र करणं अवघड नव्हतं, स्वस्त आणि चांगलं करणं अवघड होतं. मेंदूचं काम करणारी चिप त्यांनी ६५०२ नावाच्या, त्या काळात अनेक घरगुती संगणकांत वापरल्या जाणाऱ्या स्वस्त चिपवरून घेतली. रिको या कंपनीनं ती फॅमिकॉमसाठी बदलून तयार केली. चित्र काढण्यासाठी दुसरी चिप वेगळी ठेवली. यंत्राची किंमत ठरली १४,८०० येन. हातात धरायच्या कंट्रोलरवर डावीकडे अधिक चिन्हाच्या आकाराचं जे बटण असतं, ते निन्टेन्डोच्याच गुनपेई योकोई यांनी १९८२ च्या एका हातातल्या खेळासाठी शोधलं होतं, ते इथे आणलं. आज कोणत्याही कंपनीचा कंट्रोलर उचला, डाव्या अंगठ्याखाली ते बटण सापडेल.

२००३ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत हे यंत्र, त्याच्या अमेरिकी-युरोपी अवतारासह, ६ कोटी १९ लाखांच्या आसपास विकलं गेलं. या आकड्यात आपल्याकडची यंत्रं धरलेली नाहीत, कारण ती निन्टेन्डोनं विकलेलीच नव्हती.

२. पाटी, पुस्तक आणि लोडशेडिंग

दुसरा नेहमीचा प्रश्न असा : लाइट गेली की खेळ पहिल्यापासून का सुरू व्हायचा? मराठवाड्यात वाढलेल्या कोणालाही या प्रश्नामागची कळ ठाऊक आहे. २००० नंतरच्या दशकात तर लोडशेडिंगचं वेळापत्रक पाहूनच डाव मांडावा लागे. मारिओ आठव्या जगाच्या दारात पोचलेला असायचा आणि पंखा मंदावत थांबायचा. लाइट आल्यावर पुन्हा पहिलं जग, पहिली पायरी.

कारण समजायला यंत्राची स्मरणशक्ती दोन भागांत पाहू. कॅसेट म्हणजे छापील पुस्तक, आणि यंत्रातली मेमरी म्हणजे शाळेतली पाटी. पुस्तकात जे छापलंय ते कायमचं; वीज असो वा नसो, ते पुसत नाही. मारिओ कसा उडी मारतो, कुठे खड्डा आहे, कुठे नाणी आहेत, कोणता सूर कधी वाजतो, हे सगळं पुस्तकात. पाटीवर मात्र आत्ता चाललेल्या डावाचा हिशोब : मारिओ कुठे उभा आहे, किती लाइफ उरल्या, नाणी किती, वेळ किती, समोरचं कासव कुठल्या दिशेनं चाललंय. ही पाटी विजेवरच जिवंत राहते. वीज गेली की पुसली जाते. कॅसेटला काही होत नाही, म्हणून खेळ शिल्लक राहतो, पण आपण कुठे होतो ते जातं. शेजारी मोटार किंवा मिक्सर सुरू झाल्यावर व्होल्टेज पडलं तरीही पाटी बिघडायची आणि पडदा अडकून बसायचा, त्याचंही कारण हेच.

पाटी केवढी होती? फक्त २ किलोबाइट, म्हणजे २,०४८ बाइट. एका बाइटमध्ये इंग्रजीतलं एक अक्षर मावतं. म्हणजे एखाद्या वहीच्या पानावर मावेल एवढ्या मजकुराच्या जागेत तो अख्खा डाव चालायचा. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५ चा खेळ पुस्तकाच्या बाजूनं पाहिला तर ४० किलोबाइटचा : ३२ किलोबाइट सूचना आणि ८ किलोबाइट चित्रं. सकाळी मोबाइलवर येणारं सुप्रभातचं एक चित्र बहुधा याहून जड असतं.

डाव जपून ठेवायची सोय पुढे आली. ‘झेल्डा’ या खेळाच्या १९८७ च्या अमेरिकी कॅसेटमध्येच एक छोटी वेगळी पाटी आणि बॅटरी बसवली होती, तिच्यामुळे वीज नसतानाही ती पाटी पुसली जात नसे. आपल्याकडे फिरणाऱ्या स्वस्त कॅसेटमध्ये ही बॅटरी सहसा नसायची.

३. हजार बाइटमध्ये अख्खा पडदा

आता खऱ्या कौशल्याकडे येऊ. माझ्या मते या यंत्राचं सगळं मोठेपण इथे आहे.

फॅमिकॉमचा पडदा आडवा २५६ ठिपक्यांचा आणि उभा २४० ठिपक्यांचा. गुणाकार केला तर ६१,४४० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग लक्षात ठेवायला एक बाइट धरला, तरी ६० किलोबाइट मेमरी लागली असती. चित्रांच्या चिपला मिळालेली मेमरी होती २ किलोबाइट. तीस पट जागा कमी. मग पडदा भरला कसा?

युक्ती अशी. ठिपक्यांऐवजी ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन धरायचे. पडद्यावर आडवे ३२ आणि उभे ३० चौकोन बसतात, म्हणजे एकूण ९६०. कॅसेटमध्ये २५६ ठरावीक चौकोनांचा एक तक्ता असतो : विटेचा चौकोन, आकाशाचा चौकोन, नळाच्या कडेचा चौकोन, अक्षरं, आकडे. यंत्रानं फक्त एवढंच लक्षात ठेवायचं, की पडद्यावरच्या अमुक जागी तक्त्यातला कितवा चौकोन लावायचा. २५६ पर्यंतचा क्रमांक एका बाइटमध्ये बसतो. म्हणून ९६० जागांना ९६० बाइट पुरले. कुठल्या भागाला कोणते रंग द्यायचे याच्या नोंदीला आणखी ६४. बेरीज १,०२४ बाइट, बरोबर एक किलोबाइट. दोन किलोबाइटमध्ये असे दोन पडदे मावले. मारिओ पहिल्या पडद्यावर धावत असताना पुढचा रस्ता दुसऱ्या, न दिसणाऱ्या पडद्यावर रचला जात होता. धावताना रस्ता न अडखळता सरकायचा, तो यामुळे.

तक्ता २५६ चौकोनांचाच असल्यानं काटकसर करावी लागे. मारिओच्या खेळातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप नीट पाहा. आकार एकच आहे. वर पांढरा रंग दिला की ढग, खाली हिरवा दिला की झुडूप. कित्येकांनी वर्षानुवर्षं हा खेळ खेळला आणि हे लक्षात आलं नाही. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी या खेळाची रचना केली, आणि तोशिहिको नाकागो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती या मर्यादेत बसवली.

हलणाऱ्या गोष्टींसाठी नियम वेगळा होता. मारिओ, शत्रू, गोळ्या हे पडद्याच्या चौकोनांत न बसता त्यांच्यावरून फिरतात. असे फिरते तुकडे एका वेळी ६४ काढता येत, आणि एका आडव्या रेषेत जास्तीत जास्त ८. मोठा झालेला मारिओ म्हणजे दोन तुकडे रुंद आणि चार तुकडे उंच, असे आठ तुकडे. रेषेत मात्र दोनच येतात. आता कॉन्ट्रा आठवा. दोन खेळाडू शेजारी उभे, समोरून तीन-चार शिपाई धावत येतायत, मध्ये गोळ्या. एका रेषेतले तुकडे आठच्या वर गेले, की नववा दिसेनासा होतो. कायमचा एकच तुकडा गायब राहू नये म्हणून खेळ लिहिणारे पाळीपाळीनं वेगवेगळा तुकडा गाळायचे. गर्दी झाली की आकृत्या लुकलुकायच्या त्याचं कारण हे. आपण टीव्हीला दोष द्यायचो, अँटेनाची वायर हलवून पाहायचो. टीव्ही ठीक होता.

आवाजातही हीच काटकसर. यंत्रात पाच आवाज एकाच वेळी निघू शकत : दोन कर्कश, एक मृदू, एक खरखरीचा आणि एक ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी. कोजी कोंडो यांनी मारिओचं संगीत एवढ्यात रचलं. आज पुन्हा ऐकाल तेव्हा उडी मारताना किंवा नाणं घेताना कान द्या. त्या क्षणापुरता संगीतातला एक सूर गळतो, कारण उडीच्या आवाजानं त्याची जागा घेतलेली असते.

४. नक्कल का जमली?

अमेरिकेसाठी निन्टेन्डोनं १९८५ मध्ये हेच यंत्र वेगळ्या पेटीत आणलं, तेव्हा आत एक पहारेकरी चिप बसवली. कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप नसेल तर यंत्र खेळ चालू देत नसे. जपानी फॅमिकॉममध्ये मात्र असा पहारा नव्हता. कॅसेटला ६० पिना, त्या जुळल्या की झालं.

तैवानमधल्या चिप-कारखान्यांनी दोन्ही मुख्य चिपच्या हुबेहूब नकला केल्या. यूएमसी या कंपनीच्या नकला जगभर पसरल्या. पुढची पायरी त्याहून स्वस्त होती : दोन्ही चिप आणि बाकीचं सगळं एकाच तुकड्यात. जुनं यंत्र उघडून पाहिलंत तर हिरव्या पाटीच्या मधोमध एक काळा, टणक, गोल थेंब दिसतो. त्या थेंबाखाली अख्खा फॅमिकॉम आहे. उएमुरांच्या पथकाची मेहनत तिथे नखाएवढ्या जागेत उतरवलेली आहे.

अशी यंत्रं रशियात ‘डेंडी’ नावानं विकली गेली, पोलंडमध्ये ‘पेगासस’ नावानं, आणि आपल्याकडे सामुराई, लिटल मास्टर, मीडिया आणि शेकडो बिननावी खोक्यांतून. सुरुवातीला बाहेरचा साचाही मूळचाच, पांढरा आणि तांबडा. नंतर साचे बदलले, आतला काळा थेंब तोच राहिला. सामुराईची कॅसेट लिटल मास्टरमध्ये चालायची, याचं कारण आता स्पष्ट झालं असेल.

५. हिंगोलीच्या दुकानात

१९९० च्या दशकात हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. पूर्णा-अकोला रेल्वे तेव्हा मीटर गेजची होती. विजेच्या नव्या वस्तू मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा मनीष मार्केटला उतरायच्या आणि मोठ्या शहरांच्या बाजारांतून हळूहळू तालुक्याला यायच्या. शेतीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरात खेळण्यासाठी एवढे पैसे घालणं सोपं नव्हतं. म्हणून आपल्याकडे या यंत्राचा खरा प्रसार विकत घेण्यातून झाला नाही, तासावर खेळण्यातून झाला.

गल्लीतल्या एखाद्या दुकानाच्या मागच्या खोलीत टीव्ही आणि त्याला जोडलेलं यंत्र. पैसे द्या, घड्याळ पाहा, खेळा. काही दुकानदार यंत्र, अडॅप्टर आणि दोन-तीन कॅसेट एका दिवसासाठी भाड्यानंही द्यायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार घरची मुलं वर्गणी काढायची, आणि ज्याच्या घरी टीव्ही असेल त्याच्या घरी सगळा बेत. टीव्ही पुष्कळदा कृष्णधवल असायचा, त्यामुळे कॉन्ट्राच्या शिपायांचे रंग वेगळे आहेत हे कित्येकांना फार उशिरा कळलं.

एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. त्या मागच्या खोल्या मुलांच्या होत्या. मुली तिथे जात नसत, त्यांना जाऊ दिलं जात नसे. ज्या मुलीच्या घरी यंत्र आलं किंवा जिचा भाऊ आपली पाळी द्यायला तयार होता, तिलाच हा खेळ मिळाला. या यंत्राच्या आठवणी आज बहुतेक पुरुषच सांगतात, त्यामागे आवडीनिवडीचा प्रश्न नाही. दार कोणाला उघडं होतं, हा प्रश्न आहे.

कॅसेट चालली नाही की ती काढून फुंकर मारायची, ही रीत जपानपासून हिंगोलीपर्यंत सारखीच होती. फुंकरीनं खरंच काही व्हायचं का? पिनांवर धूळ आणि गंज साचून स्पर्श नीट होत नसे. कॅसेट काढून पुन्हा बसवताना पिना एकमेकींवर घासल्या जायच्या आणि स्पर्श जुळायचा. काम त्या घासण्यानं व्हायचं, श्रेय फुंकरीला मिळायचं. उलट तोंडातली वाफ पिनांवर बसून गंज वाढतो. निन्टेन्डोनं फुंकू नका असं सांगितलं होतं, पण आपल्या खोक्यात माहितीपुस्तिका कुठे असायची?

६. नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव

कॅसेटवर छापलेलं असायचं : ९९९९९९९ इन १. म्हणजे कोटीला एक कमी. ते खरं असू शकतं का, ते दोन हिशोबांनी तपासू.

पहिला हिशोब वेळेचा. प्रत्येक खेळ फक्त एक मिनिट उघडून पाहायचा ठरवला, तर जवळजवळ एक कोटी मिनिटं लागतील. दिवसाची १,४४० मिनिटं, म्हणजे सुमारे ६,९४४ दिवस. न झोपता एकोणीस वर्षं. दुसरा हिशोब जागेचा. फॅमिकॉमचा लहानातला लहान प्रकारचा खेळ २४ किलोबाइटचा धरा. कोटी खेळांना सुमारे २४० गिगाबाइट लागतील. त्या काळातल्या घरगुती संगणकांच्या हार्डडिस्कमध्येही एवढी जागा नव्हती.

मग आत काय असायचं? मोजके खरे खेळ, आणि एक लांबलचक यादी. यादीतला शंभरावा खेळ म्हणजे पहिलाच, फक्त तिसऱ्या पायरीपासून सुरू होणारा. दोनशेवा म्हणजे तोच, पण जास्त लाइफ देणारा. हे करणं सोपं होतं, कारण सुरुवातीला किती लाइफ आणि कोणती पायरी हे पुस्तकात कुठेतरी एका आकड्यात लिहिलेलं असतं. तो आकडा बदलला की ‘नवा’ खेळ तयार. आपण ‘टँक’ म्हणून जो खेळ खेळलो तोही बहुतेक वेळा नामको कंपनीच्या १९८५ च्या ‘बॅटल सिटी’ची अशीच फेरफार केलेली प्रत होती.

कॉन्ट्राच्या तीस लाइफची कथा मात्र वेगळी आहे, ती नकलाकारांची करामत नव्हे. वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, बी, ए. हा क्रम कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ या खेळासाठी ठेवला होता. खेळ तपासताना तो त्यांना स्वतःलाच फार कठीण जात होता. तीच किल्ली पुढे १९८८ च्या घरगुती कॉन्ट्रात आली आणि तीन लाइफच्या तीस झाल्या. इंटरनेट नव्हतं, मासिकं आपल्यापर्यंत पोचत नव्हती; मामाच्या गावाला गेलेला मुलगा शिकून यायचा आणि वर्गात सांगायचा. ज्याला हा क्रम पाठ, त्याला मान होता.

७. बंदुकीला बदक कसं दिसायचं?

यंत्रासोबत प्लास्टिकची बंदूक यायची. पडद्यावरच्या बदकावर नेम धरा, चाप ओढा, बदक पडतं. बहुतेकांना वाटायचं, बंदुकीतून काहीतरी किरण निघतो. प्रत्यक्षात बंदुकीतून काहीच निघत नव्हतं. ती प्रकाश घेणारी होती. नळीच्या आत प्रकाश ओळखणारा एक छोटा भाग बसवलेला असे.

आपला टीव्ही सेकंदाला पन्नास वेळा पडदा नव्यानं काढायचा. चाप ओढला की यंत्र एका वेळेपुरता सगळा पडदा काळा करायचं. पुढच्या वेळी फक्त बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन. बंदुकीला आधी अंधार आणि लगेच उजेड दिसला, तर नेम बरोबर. दोन बदकं असतील तर आधी पहिल्याचा चौकोन, मग दुसऱ्याचा; कोणत्या वेळी उजेड दिसला त्यावरून कोणतं बदक लागलं ते ठरायचं. काळा एक आणि पांढरे दोन, असे तीन पडदे म्हणजे सेकंदाचा फक्त सोळावा-सतरावा भाग. डोळ्याला क्षणभर पडदा चमकल्याचा भास व्हायचा तो हाच. आधीचा काळा पडदा का? कोणी बंदूक खोलीतल्या बल्बकडे रोखली तर फसगत होऊ नये म्हणून. बल्ब काळ्या पडद्याच्या वेळीही उजेडच दाखवणार, आणि यंत्र ते ओळखणार.

आजच्या सपाट टीव्हीवर ही बंदूक चालत नाही. काचेच्या नळीचा जुना टीव्ही आलेलं चित्र त्याच क्षणी दाखवायचा. नवा टीव्ही ते आधी स्वतःपुरतं सारखं करून किंचित उशिरा दाखवतो. तेवढ्या उशिरात उजेडाची वेळ निघून जाते.

८. आपला मारिओ सावकाश धावायचा

पन्नासचा हा आकडा आणखी एका गोष्टीला कारण झाला. जपानचा आणि अमेरिकेचा टीव्ही सेकंदाला साठ वेळा पडदा काढायचा, आपला पन्नास वेळा. खेळातली सगळी गणितं पडद्यांच्या हिशोबात लिहिलेली होती. मारिओच्या घड्याळातला एक आकडा सुमारे २४ पडद्यांनी कमी होतो. पहिल्या पायरीला ४०० वेळ मिळतो, म्हणजे ९,६०० पडदे. जपानात हे १६० सेकंद झाले. आपल्या टीव्हीसाठी तयार केलेल्या नकली यंत्रावर तेच १९२ सेकंद. आपल्याकडचा मारिओ जपानातल्या मारिओपेक्षा सहाव्या भागानं सावकाश होता, आणि संगीतही तेवढंच संथ. आज मोबाइलवर हा खेळ उतरवून घेणाऱ्यांना तो लहानपणापेक्षा वेगवान वाटतो. वय झाल्यानं असं वाटतं असं कोणी म्हणालं, तर त्यांना हा हिशोब दाखवा.

९. मागे काय उरलं?

नक्कल करणं चूक होतं की बरोबर, हा प्रश्न टाळून हे प्रकरण संपवता येणार नाही. त्या कॅसेट विकताना खेळ रचणाऱ्यांना त्यांचा वाटा दिला गेला नाही, आणि हे उघड नुकसान होतं. त्याच वेळी हेही खरं, की मूळ यंत्र मूळ किमतीला आलं असतं तर ते मुंबई-पुण्याच्या काही घरांपलीकडे गेलं नसतं. हिंगोलीच्या कयाधू नदीकाठच्या मुलांच्या हातात आलेलं, सांगू तसं ऐकणारं पहिलं यंत्र बहुधा हेच होतं. शाळेत संगणक यायच्या आधी ‘सिलेक्ट’, ‘स्टार्ट’, ‘पॉज’ हे शब्द त्यांना अंगठ्यानं कळले होते. टीव्ही ही फक्त बघायची वस्तू नाही, तिच्यात आपण काही घडवू शकतो, हे त्या मागच्या खोलीत पहिल्यांदा समजलं. माझ्या लेखी हा या यंत्राचा सर्वांत मोठा वारसा आहे. म्हणूनच आपलं यंत्र नकली होतं तरी ज्यांनी मूळ यंत्र घडवलं त्यांची नावं आपण माहीत करून घेणं, हे देणं आपल्यावर आहे. उएमुरा पुढे क्योटोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात शिकवत होते. ६ डिसेंबर २०२१ रोजी ते वारले. आपल्याकडच्या त्यांच्या लाखो खेळाडूंपैकी फार थोड्यांना ती बातमी आपली वाटली असेल.

वारशाची दुसरी बाजूही आहे. ऑगस्ट २०२० मध्ये पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या कंपनीनं केलेला ‘राजी’ हा खेळ प्रसिद्ध झाला. प्राचीन भारताच्या पार्श्वभूमीवरची गोष्ट, आणि राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेली मुलगी ही नायिका. हा खेळ सर्वांत आधी आला तो निन्टेन्डोच्याच ‘स्विच’ या यंत्रावर, या वेळी रीतसर आणि करारानं.

१०. माळ्यावरचं खोकं

तुमच्या घरी माळ्यावर ते यंत्र अजून असेल, तर ते भंगारात घालू नका. हाताला येईल तो अडॅप्टर लावूनही पाहू नका. काही यंत्रांना मधलं टोक धन लागतं, काहींना ऋण. उलटं लागलं तर आतला काळा थेंब जळतो आणि त्याची दुरुस्ती होत नाही. यंत्राच्या तळाशी काय छापलंय ते आधी वाचा, छापलेलं नसेल तर टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. कॅसेटच्या पिना फुंकू नका, कापसाच्या बोळ्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

आणि एक वही काढा. यंत्र कोणत्या वर्षी घेतलं, कोणत्या गावातून, किती रुपयांना, खोक्यावर काय नाव होतं, तासाला किती पैसे द्यावे लागायचे, दुकान कुठल्या गल्लीत होतं, ते लिहून ठेवा. दुकानदार हयात असतील तर त्यांना जाऊन विचारा. बहिणीला विचारा, तिला किती खेळायला मिळालं. जपानी कंपनीच्या विक्रीच्या नोंदीत हिंगोलीचा एकही खेळाडू नाही, आणि नकला करणाऱ्यांनी नोंदी ठेवल्याच नाहीत. हा इतिहास फक्त तुमच्याजवळ आहे. तो लिहून गावच्या वाचनालयात एक प्रत द्या.